‘थांबा, आपोआप वाचायला लागेल’ हा सल्ला मुलांना फार महाग पडतो

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, आणि वय वाढलं की ते आपोआप जातं. म्हणून नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाच्या मागे वाचनासाठी लागू नका. तपासणीही नको, कारण एकदा शिक्का बसला की आत्मविश्वास गेला. आइनस्टाइनलाही डिस्लेक्सिया होता, तेव्हा ही तर देणगीच. आणि परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतींनी मुलं पांगळी होतात.

लिहिणाऱ्याला मुलांचा कळवळा आहे, हे जाणवतं. मारू नका, भावंडांशी तुलना करू नका, चारचौघांत बोलू नका, हे त्यातलं सगळं मला मान्य आहे. पण त्याच मायेच्या सुरात दिलेला थांबण्याचा सल्ला घातक आहे. वाचताना अडणाऱ्या मुलांना शिकवणं हे माझं काम. उशिरा आलेल्या मुलाला बाराखडी कच्ची असते, पण ‘मला येणारच नाही’ हे मात्र पक्कं पाठ झालेलं असतं.

आधी उलट्या अक्षरांचं पाहू. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने १४ वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिलं. मुलगा चलाख, गणितं सोडवणारा, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात त्याला तेव्हा शब्दांधत्व म्हटलं गेलं आणि दोष दृश्य स्मृतीत असावा असं मानलं गेलं. पुढच्या संशोधनाने लक्ष नजरेकडून आवाजाकडे वळवलं. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची अडचण असते ती बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी झटपट जोडण्यात. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? अशा खेळात इतर मुलं ‘पाट’ म्हणून मोकळी होतात, तेव्हा हे मूल घोटाळतं. त्याला कपाट माहीत असतं, पाटही माहीत असतो. शब्द फोडणं जमत नसतं.

घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत तर वाचायला शिकणारं जवळजवळ प्रत्येक मूल करतं. तेवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही, आणि ती गल्लत थांबली म्हणून डिस्लेक्सिया गेला असंही होत नाही. डोळे जरूर तपासून घ्या, नंबर असेल तर चष्मा लागेलच. पण रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरेसा आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं आहे. तो पैसा शिकवण्यावर खर्च व्हावा.

मराठी वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे मूल कष्टाने का होईना, बरोबर वाचतं. फक्त भयंकर हळू वाचतं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा एक अभ्यास झाला. इटालियन उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून तिथले डिस्लेक्सिक वाचक कमी चुका करत होते. मेंदूच्या चित्रणात मात्र तिन्ही भाषांतल्या डिस्लेक्सिक वाचकांची अडचण सारखीच दिसली. तेव्हा ‘चुका तर होत नाहीत’ एवढ्यावर समाधान मानू नका, वेग पाहा. आणि आपल्या लिपीच्या खास अडचणीही पाहा. ‘कि’ची वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते. ‘कार्य’मधला र आधी ऐकू येतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. हे स्वतंत्रपणे, सावकाश शिकवावं लागतं. जोडाक्षरांचंही तेच.

आता संदेशाचा गाभा, म्हणजे ‘थांबा’. १९८८ साली अमेरिकेतल्या ५४ मुलांचा पहिली ते चौथी असा मागोवा घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ८८ टक्के निघाली. अभ्यास लहान होता. पण १९८३ पासून ४४५ मुलांच्या मागावर राहिलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही पहिलीत दिसलेली दरी किशोरवयापर्यंत टिकून राहिलेली आढळली. कारण उघड आहे. वाचता येणारं मूल वाचतं, त्यातून शब्द कमावतं, मग आणखी सहज वाचतं. अडणारं मूल वाचन टाळतं, आणि ज्या सरावाची त्याला सर्वांत जास्त गरज असते तोच त्याच्या वाट्याला येत नाही. अक्षरओळख फार रेंगाळते आहे, यमकं जुळवता येत नाहीत, घरात आणखी कुणाला हा त्रास होता, असं असेल तर पाच-सहा वर्षांचं वय मदत सुरू करायला लहान नाही.

शिक्क्याची भीती मी समजू शकते. पण तपासणी टाळलेल्या मुलाला शिक्का बसत नाही असं थोडंच आहे? आळशी, ढ, लक्ष नसतं याचं, हे शिक्के वर्गाने आणि घराने कधीच मारलेले असतात, आणि मुलाने ते खरेही मानलेले असतात. ‘तू बिनडोक नाहीस, तुला वाचन शिकायला वेगळी रीत लागते, ती आपण वापरू,’ हे वाक्य मुलापर्यंत पोचवण्यासाठी तपासणी हवी. नुसत्या शाबासकीने हे साधत नाही. न जमलेल्या गोष्टीचं कौतुक झालं की मुलाला ते लगेच कळतं आणि त्याचा मोठ्यांवरचा विश्वासही जातो.

आत्मविश्वास येतो तो काल न वाचता आलेला शब्द आज वाचता आल्यावर. त्यासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण रोज. ध्वनी आधी कानाने सुटा करायचा, मग अक्षर बोटाने गिरवत तोंडाने म्हणायचं, मग त्याच अक्षरांचे शब्द, मग शिकवलेल्याच अक्षरांची छोटी वाक्यं. न शिकवलेलं जोडाक्षर मध्येच पुढ्यात टाकायचं नाही. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. त्याने हात दुखतो, शब्द येत नाही. वर्गात अचानक उभं करून मोठ्याने वाचायला सांगू नका, उतारा आदल्या दिवशी घरी द्या. आणि गोष्टी, विज्ञान, इतिहास वाचून दाखवणं थांबवू नका. वाचनाचा वेग कमी आहे म्हणून विचारांची उपासमार का व्हावी?

आइनस्टाइनला डिस्लेक्सिया असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. नावंच हवी असतील तर २००९ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी कॅरल ग्रायडर आणि २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी जाक दुबोशे यांनी आपल्या डिस्लेक्सियाबद्दल उघडपणे सांगितलं आहे. पण मुलाकडून नोबेलची अपेक्षा हेही ओझंच. डिस्लेक्सिया सर्व प्रकारच्या बुद्धिमत्तेच्या मुलांत आढळतो. बुद्ध्यंक जास्त असो वा कमी, वाचनात अडणाऱ्या मुलांच्या मेंदूत सारखाच नमुना दिसतो, हे २०११ च्या एका अभ्यासाने दाखवलं. म्हणजे ‘इतका हुशार आहे, त्याला कसला डिस्लेक्सिया’ हेही चूक, आणि ‘डिस्लेक्सिया आहे म्हणजे छुपा प्रतिभावंत’ हेही. चित्रकला आवडत असेल तर ती करू द्या, आवडते म्हणून. वाचन शिकवायचं टाळण्याची सबब म्हणून नको.

राहिला जादा वेळ. इतिहासाच्या परीक्षेत इतिहास किती कळला हे पाहायचं असतं. उत्तर माहीत असूनही प्रश्न वाचण्यातच वेळ संपला, तर ते गुण इतिहासाचे नसतात. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, गरज असेल तर लेखनिक, याने ती मोजणी सुधारते. मात्र सवलत मिळाली म्हणून वाचनाचे धडे बंद करू नका. दोन्ही एकदम चालू हवं, आणि सवलत किती काळ लागेल हे दरवर्षी मुलाला विचारून ठरवा.