यादृच्छिक म्हणजे जो घरी सापडेल तो

विषय ठरायच्या आधी शिफारसी तयार असतात. एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला संशोधन पद्धती शिकवायची म्हटलं की हे आलंच. ‘शासनाने जनजागृती करावी’, ‘योजना तळागाळापर्यंत पोहोचवाव्यात’, ‘समुपदेशन केंद्रे स्थापन करावीत’ ही वाक्यं लघुप्रबंधाच्या पाचव्या, शेवटच्या प्रकरणातली. पहिलं प्रकरण अजून लिहायचंय, गावाचं नाव नक्की नाही, पण पाचवं प्रकरण पोरांच्या जिभेवर आहे.

त्यात त्यांचा दोष थोडाच. वर्षभर आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याला जाऊन ही मुलं रेशन कार्डात नाव घालून देतात, दारूड्याच्या बायकोबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसतात, शाळा सुटलेल्या पोराला हाताला धरून परत वर्गात नेतात. समस्या दिसली की हात घालायचा, हे आम्हीच शिकवलेलं. आणि तिसऱ्या सत्रात मी जाऊन सांगते, ‘थांबा. हात मागे घ्या. आपल्याला अजून काहीच माहीत नाही असं समजा.’ वर्ग माझ्याकडे असा बघतो की आग लागलेली असताना मी बादल्या मोजायला सांगतेय.

मग विषय येतात. ‘महिला बचत गटांच्या माध्यमातून महिलांचे सक्षमीकरण : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका.’ तालुका तेवढा बदलतो. ‘चिकित्सक’ म्हणजे काय करणार, असं विचारलं तर ‘मॅडम, तसं लिहायची पद्धत आहे’ हे उत्तर ठरलेलं. चिकित्सक नको म्हणाल तर ‘समाजशास्त्रीय’ घालतात. हा शब्द पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारखा असतो, नसला तरी चालतं, पण ताट ओकंबोकं दिसतं.

खरी झटापट ‘सक्षमीकरण’ या शब्दाशी. ते मोजणार कशानं? ‘आत्मविश्वास वाढला का’ असं विचारून. बाई म्हणणार ‘वाढला’. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या पोरीला ‘नाही गं बाई, होता तोही गेला’ असं कोण सांगणार? म्हणून मी फळ्यावर शब्दाची चिरफाड करते. पासबुक कुणाच्या कपाटात असतं? बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? गेल्या महिन्यात कुणाला न विचारता सगळ्यात मोठी रक्कम कशावर खर्च केली? कर्ज कुणाच्या नावावर आणि वापरलं कुणी? एवढे चार प्रश्न म्हणजे कार्यात्मक व्याख्या. वर्ग ते मान हलवत उतरवून घेतो आणि प्रश्नांच्या यादीत ‘आपला आत्मविश्वास वाढला का? होय / नाही’ तसाच राहतो, पहिल्या नंबरावर.

गृहीतकृत्याची गत याहून वाईट. गृहीतक म्हणजे जे धरून चालायचं, गृहीतकृत्य म्हणजे जे तपासायचं. ‘बचत गटांमुळे महिला सक्षम झाल्या आहेत’ हे वाक्य खोटं ठरायला मैदानात काय दिसावं लागेल, एवढंच मी विचारते. कुणी पंख्याकडे बघतं, कुणी पेन झटकतं. खोटं ठरू शकतं हेच मुळात अपमानास्पद. मग मी तोडगा सांगते. गटात येऊन एक वर्ष झालेल्या आणि पाच वर्षं झालेल्या अशा दोन तुकड्या घ्या, तेच चार प्रश्न दोघींना विचारा आणि गट सोडून गेलेल्या पाच-सहा जणींनाही गाठा, कारण हप्ता झेपला नाही म्हणून गेलेली बाई सदस्यांच्या यादीत नसते आणि यादीत नसलेली बाई कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता नमुना निवड. समजा यादीत 400 सदस्य आहेत. किती जणींना भेटायचं ते काढायचं तारो यामाने यांचं सूत्र प्रत्येक लघुप्रबंधात असतंच. एकूण संख्या भागिले एक अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या प्रमाणाचा वर्ग. पाच टक्के चूक धरली तर 400 भागिले 2, म्हणजे 200. सूत्र सुबक टाइप होतं, उत्तर 200 येतं आणि पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘म्हणून प्रस्तुत अभ्यासासाठी 40 उत्तरदात्यांची निवड केली.’ हा ‘म्हणून’ कुठून आला ते देव जाणे. वेळ नाही, पैसे नाहीत, 40 च झेपतात, हे सरळ लिहा म्हटलं तर ते शास्त्रीय वाटत नाही.

बरं, 40 तर 40. यादीतली दर दहावी बाई घ्या आणि सुरुवात कुठून करायची ते एक ते दहाच्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. सोपं आहे, म्हणूनच चुकतं. गट नेमके दहा-दहा जणींचे असले आणि यादी गटवार लिहिलेली असली, तर प्रत्येक गटात पहिलं नाव अध्यक्षेचं, दुसरं सचिवाचं. चिठ्ठी निघाली एक नंबरची. मग 1, 11, 21, 31 करत नमुन्यात येतात चाळीसच्या चाळीस अध्यक्षा! सगळ्या बँकेत जाणाऱ्या, सगळ्या बीडीओंशी बोललेल्या, निम्म्या जणींकडे आमदारांबरोबरचा फोटो. तालुक्यातल्या महिला शंभर टक्के सक्षम निघतात आणि पद्धतीत बोट ठेवायला जागा नसते. यादी आधी विस्कटून घ्यायची किंवा सरळ 400 चिठ्ठ्या डब्यात घालून 40 काढायच्या, हे एकदा अध्यक्षांची पलटण बघितल्याशिवाय पटत नाही.

यादी हातात आली तरी मैदान वेगळंच असतं. सतरा नंबरच्या घराला कुलूप. पोरं शेजारच्या घरात शिरतात, चहा होतो, प्रश्नांची अनुसूची भरून होते. दिसायला किरकोळ गोष्ट. पण कॉलेजची गाडी अकराला गावात पोचते आणि चारला निघते. त्या वेळात कुलूप कुणाच्या दाराला? जी बाई खुरपायला गेलीय तिच्या. उघडं दार कुणाचं? जिला कामाला जायची गरज नाही तिचं किंवा जिला जाववत नाही त्या म्हातारीचं. अशा रीतीनं ‘शेतमजूर महिलांच्या समस्या’ या अभ्यासात एकही शेतमजूर महिला न भेटता चाळीस अनुसूच्या भरतात. संध्याकाळी सहानंतर परत जा, दोन वेळा जा, तिसऱ्यांदाही कुलूपच दिसलं तर तसं नोंदवा. माझं हे वाक्य संपेपर्यंत मुलं गाडी कुठे लागलीय ते बघायला गेलेली असतात.

‘यादृच्छिक’ या शब्दानंही घात केलाय. ‘यदृच्छया’ म्हणजे सहज, आपोआप. मग रस्त्यात सहज जो भेटला तो यादृच्छिक, हे पोरांचं भाषाज्ञान चूक म्हणायचं तरी कसं? संशोधनात अर्थ उलटा. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची ठरलेली संधी आणि आपली निवड शून्य. जो भेटला तो ‘सोयीचा नमुना’. पण सोयीचा म्हणायची लाज वाटते, म्हणून सोय होते आणि नाव यादृच्छिक पडतं.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध केला. त्यांनी नमुन्याच्या भानगडीत न पडता गावच मोजलं, जमिनीचे तुकडे, पिकं, कर्ज, सगळं. शेताच्या चिंध्या कशा झाल्यात हे त्यातून कागदावर आलं. मी हे उत्साहानं सांगते. मुलांना पिंपळे सौदागर म्हणजे टॉवर आणि आयटीवाले एवढंच माहीत. आज तिथे दर दहावं घर गाठायचं म्हटलं तर दर दहाव्या घराआधी वॉचमनचं रजिस्टर, वर फोन, आणि ‘मॅडम नको म्हणतायत’.

प्रश्नावली आणि मुलाखत अनुसूची यांतला फरक मी वर्षातून किमान सहा वेळा सांगते. उत्तरदाता स्वतः भरतो ती प्रश्नावली, आपण विचारून भरतो ती अनुसूची. तरी निरक्षर महिलांच्या अभ्यासात ‘तथ्य संकलनासाठी प्रश्नावली वापरली’ हे वाक्य येतंच. आणि प्रश्न तरी कसे! ‘आपणास शासकीय योजनांची माहिती आहे का व त्यांचा लाभ मिळतो का? होय / नाही.’ मावशी म्हणतात, ‘म्हाइती हाय, लाभ न्हाई.’ आता खूण कुठे करायची? एक मुलगी दोन्हीकडे करते, दुसरी मधल्या तिरक्या रेघेवर. म्हणून आधी पाच-सहा जणींवर अनुसूची चालवून बघा, हा पथदर्शी अभ्यास. तो बहुतेक वेळा वसतिगृहात मैत्रिणींवर होतो. त्यांना सगळं नीट समजतं.

वयाचा रकाना बघण्यासारखा असतो. 40, 45, 50, 50, 60. सगळ्यांचा जन्म पाचाच्या पाढ्यात. ‘लिव्ह बाळा पन्नास,’ म्हटलं की बाळ पन्नास लिहितं. तिथे थांबून विचारायचं असतं. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेली आठवते का? तेव्हा लग्न झालं होतं का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, 1993 ला, थोरला किती वर्षांचा होता? दोन मिनिटांत पन्नासच्या सत्तावन्न होतात. उत्पन्नाचं तसं नाही, तिथे आठवणीचा प्रश्नच नसतो. तहसीलच्या दाखल्यावर जे आहे तेच तोंडावर येतं, आणि पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला 15,000 असल्यामुळे समोर मोटारसायकल उभी असली तरी घर महिना बाराशेवर चालतं. कुणाला दोष देणार? वही-पेन घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे नाव घालणारा किंवा नाव काढणारा, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाल्यापासून तर पहिला प्रश्न उत्तरदातीच विचारते, ‘ताई, बंद तर नाही ना होणार?’ म्हणून उत्पन्न विचारूच नका, खर्च विचारा. किराणा किती, गॅस कितीचा, हप्ता किती. खर्च सांगताना माणूस खरं बोलतो, वर थोडा सुस्काराही टाकतो.

आणि मुलाखत एकीची असली तरी उत्तरं बाराजणी देतात. सासू पाटावर बसलेली, जावा दारात, नवरा बाजेवर पडून मोबाइल बघत. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, ‘दोघं मिळून.’ लिहिलं जातं, दोघं मिळून.

चौदाव्या प्रश्नाला मात्र आमचा खरा समाजकार्यकर्ता जागा होतो. मावशींचं संजय गांधी निराधारचं अनुदान सहा महिने अडलंय, आधार जोडलेलं नाही. पोरगा पेन खिशाला लावतो, मावशींना घेऊन तलाठी कार्यालयात जातो आणि काम करूनच परततो. अनुसूचीतले पंधरा ते बत्तीस कोरे. यावर रागावावं तर कसं? पुढच्या वेळी आधी बत्तीस संपव आणि मग तलाठ्याकडे जा, एवढंच मी म्हणते, आणि तेही हळू आवाजात.

त्या कोऱ्या जागा पुढे संगणकावर सूड घेतात. उत्तर नसेल तिथे 99 घाला, असं मीच शिकवलेलं. हा आकडा ‘माहिती नाही’चा आहे, सरासरीतून वगळा, हेही शिकवलेलं, पण त्या दिवशी संत सेवालाल महाराजांची जयंती होती की काय, वर्ग अर्धा रिकामा होता. तिघींच्या मुलांच्या संख्येत 99 राहिले, उरलेल्या सदतीस जणींना सरासरी दोन मुलं, आणि तक्त्यात आलं, ‘उत्तरदात्यांना सरासरी 9.28 अपत्ये आहेत.’ खाली विश्लेषण : ‘यावरून कुटुंब नियोजनाबाबत जनजागृतीची गरज दिसून येते.’ शिफारस तयारच होती म्हटलं ना.

काय-वर्ग परीक्षण, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध खरा की योगायोगाचा ते तपासणं, हा शेवटचा सोपस्कार. शिक्षणाचे पाच गट, उत्पन्नाचे चार, तक्त्याची घरं वीस, माणसं चाळीस. घरटी सरासरी दोन. अपेक्षित वारंवारता बहुतेक घरांत पाचाच्या वर हवी, इथे निम्मी घरं ओस पडलेली. गट एकत्र करून दोन बाय दोन केलं तर घरटी दहा पडतात आणि काहीतरी बोलता येतं. पण मोठा तक्ता दिसायला भरघोस असतो. त्याखाली वर्तुळाकृती आलेख, त्याखाली तेच आकडे शब्दांत, ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’. एका बाईचे अडीच टक्के होतात आणि ते 2.50 असेच लिहायचे असतात. दोन दशांश स्थळं म्हणजे जणू कपाळावर गंध.

वाङ्मयचौर्याची तपासणीही असते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ. आमच्या प्रबंधांचं साम्य कित्येकदा शून्य निघतं. डीटीपीवाला जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतो, सॉफ्टवेअरला त्यात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि तशी खिचडी जगात दुसरीकडे कुठे शिजलेली नसते. अख्खं दुसरं प्रकरण ओळखीचं वाटत असताना हातात प्रमाणपत्र, साम्य 0 टक्के.

पण माझा जीव अडकतो तो ‘इतर’ मध्ये. ‘कर्जाचा वापर कशासाठी केला? शेती / व्यवसाय / शिक्षण / आजारपण / इतर (नमूद करा)’, आणि पुढे दीड इंचाची टिंबटिंब रेघ. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांची बांधणी होऊन प्रबंध येतो आणि त्यात दिसतं, इतर 11, टक्के 27.50. चाळीसांत अकरा! एवढ्या जणींनी पर्याय सोडून त्या रेघेवर काहीतरी सांगितलंय. एकीचं निदान पोराला आठवतं, ‘मॅडम, त्या बाईनं दुसऱ्या फायनान्सचा हप्ता भरला होता या पैशातून.’ अरे, हाच तर प्रबंध! बाकीच्या दहा जणींनी काय लिहिलं होतं? आण त्या अनुसूच्या.

अनुसूच्या संपलेल्या असतात. काही वसतिगृहात भेळेखाली गेल्या, काहींवर पुढच्या पेपरची गणितं सोडवून झाली.

‘पाठकोरे होते ना, मॅडम. वाया कशाला घालवायचे?’