फुटपाथवरचे ‘लखपती’ आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

“फुटपाथवर झोपणाऱ्यांची दया करू नका. सगळे परप्रांतीय, धंदेवाईक भिकारी. तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कमावतात. जागा फुकट, भाडं नाही. सरकारने निवारे बांधलेत तरी जात नाहीत, कारण कामाचा कंटाळा.” मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर अधूनमधून उगवतो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. एकेक मुद्दा घेऊ.

परप्रांतीय, भिकारी आणि फुकटे, या तिन्हींना एकच माणूस पुरतो. 1981च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायला घेतल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यातल्या एका अर्जदाराची हकिगत निकालपत्रातच आहे. हा गडी संगमनेरचा. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं, तेव्हा 1969मध्ये मुंबईत आला आणि महिना 350 रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले. म्हणजे जवळजवळ महिन्याचा पगार! फुकट ती कसली? पागडीच की ही, फक्त पावती नाही.

1985 साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला मुभाही दिली, हेही सांगायला हवं. पण माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ असतं, हे कोर्टाला पटलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवासीयांची पाहणी केली. बहुतेक जण तुटपुंज्या मजुरीवर राबणारे निघाले. कामावर जायचे तेही पायी, बसचं भाडं वाचवून.

बाहेरून आलेले लोक आहेतच, ते कोण नाकारतंय? परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास बिहार-बंगालकडची कुटुंबं फुटपाथवर दिसतात. कठड्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली, तिच्यात रिपोर्टांची फाईल. पुढच्या केमोची तारीख येईपर्यंत गावी जाऊन परत यायला पैसे नसतात. त्यांच्यात विदर्भ-मराठवाड्याचेही पेशंट असतात. आणि वर्षानुवर्षं पुलाखाली राहणारे पारधी तर इथल्याच मातीतले. 1871च्या कायद्याने असे समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले, 1952मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. पोलिसाच्या नजरेतून गेलाय असं मला वाटत नाही.

कोट्यधीश भिकाऱ्याची बातमी अधूनमधून येते. असेलही एखादा. 2011च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. एका बातमीवरून एवढ्यांचं पासबुक कसं काय वाचता येतं?

उरले निवारे. फॉरवर्डमधली सर्वांत मोठी थाप हीच. पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा हवा, असे सुप्रीम कोर्टाचे 2010चे आदेश आहेत. मुंबईची लोकसंख्या 2011मध्ये सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही कधी गेलेली नाही. असतात तिथेही बहुधा पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, आणि मुलं कुठे जातील ते नियमावर. पहाटे नाक्यावर उभं राहायचं असलेला बिगारी चार स्टेशनं लांबच्या निवाऱ्यात झोपला, तर त्या दिवसाचं काम गेलं.

जे खरोखर भीक मागतात त्यांच्यासाठी राज्यात अजून 1959चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना रस्त्यावर भटकणाराही त्यात बसतो, गाणं म्हणून पैसे मागणाराही. शिक्षा पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. दिल्ली हायकोर्टाने 2018मध्ये तिथल्यापुरती यातली मुख्य कलमं रद्द केली. 2021मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टापुढे आली, तेव्हा नाइलाज असल्याशिवाय कुणी भीक मागत नाही, अशी भूमिका खंडपीठाने घेतली. खंडपीठावर धनंजय चंद्रचूड होते, म्हणजे 1985च्या त्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव.

पैसे द्यायचे की नाहीत हे ज्याने त्याने ठरवावं. मी स्वतः कधी देतो, कधी नाही. पण ‘निवारे आहेत तरी जात नाहीत’ असं पुढे ढकलण्याआधी आपल्या वॉर्ड ऑफिसला एक फोन करा. वॉर्डात निवारा कुठे आहे, खाटा किती आणि नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतात का, एवढं विचारा. जे उत्तर मिळेल ते त्याच ग्रुपवर टाका.