भरावावरच्या बाभळी तोडणार कधी?

दरवर्षी जूनच्या तोंडावर तेच! खान्देशातल्या मातीच्या धरणांच्या भरावावर बाभळी मांडीएवढ्या जाड झाल्या, तरी कुऱ्हाड लागत नाही. मूळ कुजलं की भरावात नळीसारखी पोकळी राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. अधिकाऱ्यांनो, निदान धरणाच्या पायथ्याचा पाझर नितळ आहे की गढूळ, एवढं तरी वाकून बघा! गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय. पण पाझर मोजायचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच, तोच गाळाने बुजलेला, मोजणार काय? लाटांनी भराव झिजू नये म्हणून उतारावर रचलेले पिचिंगचे दगड गायब, घुशींची बिळं उघडी, गेटचा स्क्रू ग्रीसविना जाम. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यातच आहे ना? मग गाडीतून न उतरता कसली तपासणी करता? २०१९ च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, घरंच्या घरं वाहून गेली. आमच्या धरणांखालीही गावं आहेत हो!