तसंच असतं, सर

कंपनीत प्रोग्रामरांची भरती सुरू झाली की आमच्या एचआरच्या मॅडमचा आवाज एकदम मधाळ होतो. "सर, दोनच कँडिडेट आहेत, पटकन होईल," म्हणतात आणि माझा शनिवार हिंजवडीला अर्पण होतो. येणारी मुलंही साधीसुधी नसतात. लीटकोड नावाच्या साइटवरचे मुलाखतीच्या सरावाचे शेकडो प्रश्न कोळून प्यायलेली. नाव विचारावं तर टाइम कॉम्प्लेक्सिटीसकट (म्हणजे उत्तराला किती वेळ लागेल त्या हिशोबासकट) सांगतील अशी भीती वाटते.

परवाचाच एक घ्या. "दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोध," म्हटल्याबरोबर त्याचे डोळे लकाकले. पण लगेच सुरू केलं तर पाठ केल्याचं कळेल ना! म्हणून आधी छताकडे पाहिलं, हनुवटी खाजवली, "अं... ब्रूट फोर्सने, म्हणजे सगळेच रस्ते मोजत गेलो तर..." म्हणून एक सुस्कारा सोडला. हा विचार करण्याचा अभिनय हल्ली क्लासमध्येच शिकवतात की काय, देव जाणे. मग साक्षात्कार झाल्यासारखा "डाइक्स्ट्रा!" म्हणाला आणि चहा गार व्हायच्या आत अख्खा कोड स्क्रीनवर हजर. खुद्द डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांना जवळचा रस्ता काढायची ही रीत, म्हणजे हा अल्गोरिदम, १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत सुचला, कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिल न घेता. त्यांनाही वीसेक मिनिटं लागली होती. वर छापला १९५९ मध्ये. एवढा तर आमच्याकडे नोटीस पिरियडसुद्धा नसतो.

"छान. आता सुरुवातीला सगळ्या अंतरांत इंटिजरची कमाल किंमत, म्हणजे पूर्णांकाच्या जागेत मावणारा सगळ्यात मोठा आकडा, का भरलीस?"

"ती इन्फिनिटी आहे, सर."

"हो, पण का?"

"तसंच असतं, सर."

"बरं, या इन्फिनिटीत एक मिळव बघू."

त्याने मिळवला. स्क्रीनवर उमटलं: उणे २१४७४८३६४८. जागेत मावेना, म्हणून मोजणी उलटून थेट उणेच्या टोकाला गेली. अनंतात एक टाकला आणि दोनशे चौदा कोटींचं देणं निघालं. तो स्क्रीनकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी म्हणाला, "लॅपटॉप जुना आहे, सर."

रामरक्षा म्हणताना मुलाला मध्येच थांबवलं की ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतं, तशी गत. एक ओळ बदलायला सांगितली की पोरं आधीचं सगळं पुसतात आणि पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. शंभर रुपये तिघांत वाटा, एक पैसाही हरवता कामा नये. आमचं सगळं सॉफ्टवेअर बिलांचं, म्हणजे पोटापाण्याचाच प्रश्न. यावर पहिला प्रतिप्रश्न ठरलेला, पाठ केलेल्या साच्यांपैकी हा कुठला म्हणून: "सर, हे डीपी आहे की ग्रीडी?" म्हटलं, बाबा, हे तिसरीचं गणित आहे. मग शंभर भागिले तीन, तेहतीस रुपये तेहतीस पैसे, तिघांचे मिळून नव्याण्णव रुपये नव्याण्णव पैसे.

"एक पैसा कुठे गेला?"

"राउंडिंगमध्ये, सर."

"ते कळलं. पण कुणाच्या खिशात?"

"सर, प्रॉडक्शनमध्ये, खऱ्या वापरात, एवढं कोण बघतं?"

याने आमच्या सोसायटीचे खजिनदार पाहिलेले नाहीत. एका पैशापायी त्यांनी अख्खा ताळेबंद अडवून धरला होता.

पॅनेलवरचे आमचे सहकारी मात्र पक्के अल्गोरिदमवाले. त्यांना मी मॅक्स हॉवेलची गोष्ट ऐकवतो. होमब्रू हे मॅकवर इतर सॉफ्टवेअर बसवायचं सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस. २०१५ साली गुगलने त्याला घेतलं नाही आणि त्याने ट्विटरवर वैतागून लिहिलं की तुमचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण मला फळ्यावर बायनरी ट्री (दोन-दोन फांद्यांत मांडलेली माहिती) उलटा करता येत नाही म्हणून नको! तेव्हापासून ट्री उलटे करणाऱ्यांचं नुसतं पीक आलंय. माझ्यावर नोकरीत ट्री उलटा करायची वेळ अजून आलेली नाही. शंभर रुपये तिघांत वाटायची रोज येते.

आणि त्याच शनिवारी जळगावची एक मुलगी आली. डाइक्स्ट्रा म्हटल्यावर, "नाव ऐकलंय, सर," एवढंच. शंभर रुपयांवर मात्र क्षणभर थांबून म्हणाली, "रुपयांत नको, पैशांत करूया. दहा हजार पैसे. प्रत्येकी तीन हजार तीनशे तेहतीस, एक उरतो. तो पहिल्याला द्यायचा की धाकट्याला? तुमचा नियम काय आहे?" घरी तीन भावंडं असणार. मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो.

फॉर्म भरला. अल्गोरिदमला २, नाइलाज होता. कोडिंग ४, कम्युनिकेशन ४, टीमवर्क ४. बेरीज चौदा, सरासरी साडेतीन, आणि पासही साडेतीनलाच. काठावर का होईना, बसली. तेवढ्यात मॅडमचा फोन, "सर, तुमची कँडिडेट रिजेक्ट झाली. सिस्टीम तीन दाखवतेय."

फॉर्म उघडून पाहिला. चौदा भागिले चार, दोन्ही इंटिजर, अपूर्णांक उडाला, उरले तीन. हा फॉर्म कुणी लिहिला म्हणून चौकशी केली, तर गेल्या वर्षीच्या भरतीतला मुलगा निघाला. अल्गोरिदममध्ये पाचपैकी पाच.

दुरुस्तीला तीन आठवडे लागतील, असं कळलं. मॅडमनी तोडगा काढला, "कम्युनिकेशनला पाच द्या ना, सर." दिले. पंधरा भागिले चार, पुन्हा तीनच. शेवटी टीमवर्कलाही पाच टाकले, तेव्हा कुठे चार उमटले आणि ऑफर लेटर निघालं. आता ती रुजू व्हायच्या आधीच ऑफिसभर झालंय की टीमवर्कमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेली मुलगी येतेय, आणि कल्चरल कमिटीने तिला परस्पर गणपतीच्या वर्गणीचं काम देऊन टाकलंय.