कान वगळून मेंदू ऐकत नाही

माझे मामा तासगावकडे असतात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांना उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. कान गच्च भरल्यासारखा वाटत होता आणि आत एकसारखी शिट्टी वाजत होती. मळ साचला असेल म्हणून त्यांनी कोमट तेल घातलं. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर डोक्याभोवती फिरल्यासारखं वाटणारं एक गाणं आलं. त्यासोबतचा मजकूर थोडक्यात असा होता :

‘हे गाणं फक्त हेडफोन लावून ऐका. आठ मितींच्या नव्या तंत्रानं बनवलं आहे. हे कानांनी नाही, थेट मेंदूनं ऐकायचं असतं. आवाज डोक्याबाहेर आठ दिशांनी फिरतो. मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात. कमी ऐकू येणाऱ्यांनाही ऐकू येतं. पुढे पाठवा.’

मामांनी ते रोज ऐकलं. मला फोनवर म्हणाले, “गाणं येतंय, जातंय, परत यायलंय. कान सुटायलाय बघ.” तीन आठवडे ते त्या भरवशावर राहिले.

मी सांगलीत साउंडचं काम करतो. नाटक, कीर्तन, भजनी मंडळांचे कार्यक्रम यांच्यासाठी मिक्सरमागे बसतो. आवाज डावीकडून उजवीकडे कसा न्यायचा, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. म्हणूनच त्या मजकुराचं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो आहे. असा मजकूर अजूनही नव्यानव्या गाण्यांसोबत फिरतो आणि आपल्याकडची शहाणी माणसंही तो मनापासून पुढे पाठवतात.

‘कानांनी नाही, थेट मेंदूनं ऐकायचं’

आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो, हे खरं आहे. पण तो ते दोन कानांच्या जोरावरच ठरवतो.

डोळ्याच्या पडद्यावर डावीकडची वस्तू एका जागी उमटते, उजवीकडची दुसऱ्या जागी. कानात तशी सोय नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत आवाजाची वाटणी होते ती सुरांनुसार. उंच, तीव्र स्वर नळीच्या तोंडाजवळ, खर्ज पार आतल्या टोकाला. आवाज कोणत्या बाजूनं आला याची तिथं कुठेच नोंद नसते. ती बाजू मेंदूला हिशेब करून काढावी लागते, आणि दोन कानांत काय फरक पडला यावर तो हिशेब उभा असतो.

पहिला फरक वेळेचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कुणी अगदी उजवीकडून हाक मारली तर ती उजव्या कानात आधी पोचते, मग डोक्याला वळसा घालून डाव्या कानात. हे अंतर जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतं. हाक समोरून थोडी जरी कलली तरी फरक याहून कितीतरी लहान होतो. चांगल्या परिस्थितीत माणसाला १० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही कळतो. त्यामुळेच अगदी समोरचा आवाज एखाद्या अंशानं सरकला तरी आपल्या लक्षात येतं. पापणी लवायला याच्या हजारो पट वेळ लागतो.

दुसरा फरक जोराचा. बारीक, तीव्र आवाजाच्या लहरी डोक्यापेक्षा आखूड असतात. त्या डोक्यावर अडतात आणि पलीकडच्या कानावर सावली पडते. खर्जाच्या लहरी लांब असतात. तंबोऱ्याच्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे सेकंदाला शंभरेक वेळा कंप पावणाऱ्या तारेची लहर जवळपास साडेतीन मीटर भरते. तिला डोक्याचा अडसर जाणवतच नाही, ती सहज वळसा घालते. म्हणून खालच्या सुरांसाठी मेंदू मुख्यतः वेळेचा फरक धरतो आणि वरच्या सुरांसाठी जोराचा. ही वाटणी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली आणि ढोबळमानानं ती आजही टिकून आहे. दोन्ही खुणा साधारण १५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात दुबळ्या पडतात. रातकिडा नेमका कुठल्या कोपऱ्यात ओरडतोय हे रात्रभर सापडत नाही, त्याला एक कारण हेही आहे. त्याचा सूर या पट्ट्याच्या जवळपासचा असतो आणि तो एकसारखा चालू राहतो, त्यामुळे वेळ मोजायला सुरुवातीचा ठोकाही हाती लागत नाही.

आता फिरणाऱ्या गाण्याकडे येऊ. त्यात काय केलेलं असतं? माझ्या मिक्सरवर पॅनचं बटण असतं. ते डावीकडे फिरवलं की आवाज डाव्या स्पीकरमधून जास्त येतो, उजवीकडे फिरवलं की उजव्यातून. ते संथपणे गोल फिरवत ठेवायचं आणि वर थोडा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम, द्यायचा. ही गाणी बहुतेक करून एवढ्यावरच बनतात. म्हणजे कानांना वगळणं दूरच, दोन कानांमधल्या फरकाशिवाय यात काहीच नाही.

पडताळा घरी घेता येतो. गाणं चालू असताना हेडफोनची एक बाजू काढा. थेट मेंदू ऐकत असेल तर गोल फिरणं चालूच राहायला हवं. ते त्याच क्षणी थांबतं. उरतो फक्त मोठा होणारा आणि बारीक होणारा आवाज.

मामांना तेच ऐकू येत होतं. “येतंय, जातंय.” गाणं डाव्या बाजूला आलं की ऐकू यायचं, उजव्या बाजूला गेलं की नाहीसं व्हायचं. कान सुटतोय असं त्यांना वाटलं. खरं तर तो बंद असल्याची ती दर काही सेकंदांनी मिळणारी खूण होती. फोनवर ते ऐकूनही मला तेव्हा कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

‘आठ मितींचं नवं तंत्र’

आठ मिती म्हणजे कोणत्या, हे मजकुरात कुठेच सांगितलेलं नाही. जागेच्या मिती तीन. आवाजाच्या जागेबद्दलही आपल्याला तीनच गोष्टी कळतात : आडवी दिशा (डावं-उजवं, पुढे-मागे), वर-खाली, जवळ-लांब.

नवं म्हणावं तर १८८१ सालच्या पॅरिसच्या वीज प्रदर्शनात फ्रेंच अभियंते क्लेमां आदेर यांनी रंगमंचावर ओळीनं मायक्रोफोन लावून त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या जागेपर्यंत नेल्या होत्या. श्रोत्याच्या दोन्ही कानांना दोन वेगळे रिसीव्हर होते. नट रंगमंचावर इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्याला ते कळायचं. पुढे १९३१ मध्ये ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. नाटकासाठी तारा ओढणाऱ्या माझ्यासारख्याला १८८१ची ती गोष्ट फार जवळची वाटते.

‘आवाज डोक्याबाहेर आठ दिशांनी फिरतो’

यात थोडं तथ्य आहे. रिव्हर्बमुळे आवाज मोकळा वाटतो, काहींना तो डोक्याबाहेरही जाणवतो. पण तो समोरून जातोय की मागून, हे डोळे मिटून विचारलं तर बरेच जण गोंधळतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

बरोबर समोर आणि बरोबर मागे असलेला आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच जोरानं पोचतो. वेळ आणि जोर या दोन्ही खुणा तिथं मुक्या होतात. मग कामाला येते बाहेरची कानाची पाळी. तिच्या घड्या, खोबणी उगीच नाहीत. आवाज कोणत्या कोनातून आला त्यानुसार त्या काही वरचे सूर उचलतात, काही दाबतात. आपल्याच कानाची ही छाप मेंदू लहानपणापासून शिकत आलेला असतो. १९९८ साली नेदरलँड्समधल्या हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑप्स्टाल या संशोधकांनी काही जणांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. डावं-उजवं त्यांना कळत राहिलं, पण वर-खाली ओळखणं कोलमडलं. साचे तसेच ठेवून हिंडल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा जमू लागलं. साचे काढले तर जुने कानही मेंदूच्या लक्षात होते. माझ्या मते ऐकण्याच्या शास्त्रातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे.

दुसरी मदत मानेची. शंका आली की आपण नकळत मान थोडी वळवतो. आवाज समोर असेल तर फरक एका बाजूला सरकतो, मागे असेल तर उलट बाजूला. मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाख यांनी १९४० मध्ये हे दाखवून दिलं. साध्या हेडफोनमधलं गाणं मात्र मानेसोबतच वळतं, त्यामुळे ही खूण मिळतच नाही.

मेंदू किती हिशेब करतो, हे आमच्या मांडवात दिसतं. मांडव लांब असला की मधल्या खांबांवरही स्पीकर लावावे लागतात. स्टेजपासून वीस मीटरवरच्या स्पीकरपर्यंत मूळ आवाज यायला साठेक मिलिसेकंद लागतात. मी मधल्या स्पीकरना तेवढा डिले, म्हणजे उशीर, देतो आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त. बुवांचा आवाज स्टेजकडून आधी पोचतो, जवळच्या स्पीकरचा किंचित नंतर. जवळचा स्पीकर जास्त जोरात असूनही मागे बसलेल्या आजींना वाटतं, बुवा समोरूनच बोलताहेत. आधी आलेल्या आवाजाची दिशा मेंदू खरी धरतो आणि मागून आलेला त्यात मिसळून टाकतो. डिले द्यायला विसरलो की त्याच आजी मान वर करून खांबाकडे बघू लागतात.

डोळेही या हिशेबात हात घालतात. रामदास पाध्यांच्या हातातला अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज बाहुल्याच्या तोंडातून आल्याची आपली खात्री असते. हलणारं तोंड आवाजाला आपल्याकडे ओढून घेतं.

‘मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात’

ते झोपलेले नसतात. एकाच कानात आलेला आवाजही मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचतो. दोन कानांच्या खबरी मेंदूच्या देठातच, अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर, एकत्र येतात. कुठलंही गाणं, कुणाचीही हाक, हेच काम करून घेते.

‘कमी ऐकू येणाऱ्यांनाही ऐकू येतं’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. आवाज फिरवून त्या परतणार नाहीत, आणि मोठ्या आवाजात हेडफोन लावून बसलं तर उरलेल्यांनाही धोका.

शिवाय एक कान गेला म्हणजे निम्मंच गेलं असंही नाही. गर्दीत एका माणसाचं बोलणं वेगळं काढायला दोन कान लागतात. शाळकरी मुलांच्या बाबतीत ‘एक कान चांगला आहे ना, मग झालं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकेत फ्रेड बेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एका कानानं कमी ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं कधी ना कधी त्याच वर्गात पुन्हा बसलेली आढळली.

एक-दोन दिवसांत अचानक एका कानाचं ऐकू येणं गेलं, तर ती तातडीची गोष्ट असते. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होतील तितकी ऐकू येणं परतण्याची आशा जास्त. नुसता मळ असेल तर डॉक्टर पाच मिनिटांत सांगतील. पण मळ आहे की नस, हे घरी तेल घालून कळत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

मामा मिरजेला डॉक्टरांकडे गेले तेव्हा बावीस दिवस उलटले होते. औषधं दिली, थोडाच फरक पडला. आता ते पंगतीत उजवी बाजू भिंतीकडे करून बसतात. फोन घरात कुठे वाजतोय हे त्यांना सापडत नाही, मामी हातानं दाखवतात. रस्ता ओलांडताना मोटरसायकलचा आवाज येतो, पण बाजू कळत नाही, म्हणून ते थांबून अख्खं अंग वळवून दोन्हीकडे बघतात. हे लिहिलेलं सगळं मी त्यांना आधी वाचून दाखवलं, त्यांच्या डाव्या बाजूला बसून. म्हणाले, “माझं नाव घालू नकोस, पण बावीस दिवस घाल.”