हरलेल्या माणसाचा शब्द

सत्ता कुठून येते असं विचारलं, की आपण पटकन म्हणतो, लोकांकडून, मतपेटीतून. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. ज्यांनी निवडून दिलं ते मानणारच. पण ज्यांनी विरोधात मत दिलं, ते दुसऱ्या दिवसापासून त्याच सरकारचे कायदे का पाळतात, कर का भरतात? खरी मेख तिथे आहे.

६ जानेवारी २००१ चा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं पडली होती. पण तिथे निकाल राज्यवार ठरतो, आणि निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात ते ५३७ मतांनी मागे राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने फेरमोजणी थांबवली. मतांची अंतिम नोंद करणाऱ्या संसदेच्या संयुक्त अधिवेशनात, देशाचे उपाध्यक्ष म्हणून, खुर्चीवर स्वतः गोर बसले होते. त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक उठून हरकत घेत होते. गोर विचारत होते, हरकतीवर सिनेटरची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याची, सही आहे का? एकाही हरकतीवर नव्हती. त्यांनी नियमाप्रमाणे त्या फेटाळल्या आणि बुश विजयी झाल्याचं स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं. न्यायालयाचा निकाल पटलेला नाही, हे ते आधीच सगळ्या देशाला सांगून मोकळे झाले होते. तरीही. बुश यांच्या सत्तेला त्या दिवशी जे वजन आलं, ते गोर यांनी दिलेलं होतं, असं मी मनापासून मानतो.

बरोबर २० वर्षांनी, त्याच तारखेला, संसदेच्या त्याच इमारतीवर हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव चालून गेला.

हरलेल्याने मुकाट मान तुकवावी, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. शंका घेण्याचा आणि ती तडीस नेण्याचा हक्क त्याला हवाच. ऑस्ट्रियात २०१६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची अंतिम फेरी जेमतेम ३१ हजार मतांच्या फरकाने सुटली. हरलेली बाजू न्यायालयात गेली. मतं फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही, पण टपाली मतांची पाकिटं हाताळताना नियम मोडले होते, आणि तेवढं पुरलं. निवडणूक रद्द झाली. डिसेंबरात पुन्हा मतदान झालं, आधीचे विजेते फान डेर बेलेनच जिंकले, तेही कितीतरी जास्त फरकाने. या फेरमतदानाचा खर्च वाया गेला असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. दुसऱ्यांदा हरल्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी होफर यांनी त्याच संध्याकाळी पराभव मान्य केला.