अभियंत्याने आपली शक्यता किती टक्के धरावी?

परदेशातील बिझनेस स्कूलमध्ये आपल्याला प्रवेश मिळेल की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच टक्क्यांत कळले पाहिजे, अशी तुमची अपेक्षा आहे आणि ती रास्तच आहे. तुम्ही अभियंता आहात. पूल वाहतुकीला खुला करण्याआधी तो किती भार पेलेल याचा हिशेब मांडायला तुम्हाला शिकवलेले आहे. पुलाला भाराविषयी स्वतःचे मत नसते आणि प्रवेश समितीला मात्र अर्जदाराविषयी मत असते, एवढा फरक उरतो खरा. पण असल्या किरकोळ बाबीसाठी हिशेब थांबवण्याचे कारण नाही.

सुरुवात स्वतःच्या वर्णनापासून करावी. आधी प्रवेश मिळवलेला वरिष्ठ सहकारी, फी घेऊन सल्ला देणारा तज्ज्ञ किंवा रेल्वेत शेजारी बसलेला सर्वज्ञ गृहस्थ, ज्याला कोणाला तुम्ही शक्यता विचारणार असाल त्याच्यापुढे वय, पदवीचे गुण, नोकरीची वर्षे आणि जीमॅट या बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर एका दमात ठेवावा. या वर्णनात शक्यतो एकही क्रियापद येऊ देऊ नये, कारण क्रियापद आले की आपण नेमके काय केले हे सांगावे लागते. शेवटी 'अगदी प्रामाणिक मत द्या' अशी विनंती जोडावी आणि मत खरोखरच प्रामाणिक निघाले, तर दुसऱ्या माणसाकडे जावे.

या सर्व आकड्यांत जीमॅटचा स्कोअर हाच अभियंत्याचा खरा आधार, कारण अर्जातील तेवढीच एक गोष्ट रात्री जागून वाढवता येते. ही परीक्षा 1954 पासून घेतली जाते आणि व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम विद्यार्थी कितपत पेलू शकेल याचा अंदाज देणे, एवढेच तिचे मूळ काम आहे. त्या बिचारीवर तुमचे संपूर्ण भवितव्य सोपवताना तिला विचारण्याची गरज नाही. नोव्हेंबर 2023 पासून तिचे नवे रूप आले: प्रत्येकी 45 मिनिटांचे तीन विभाग, एकूण 64 प्रश्न आणि 205 पासून 805 पर्यंत जाणारे गुण, ज्यांच्या शेवटी नेहमी 5 असतो. जुन्या परीक्षेतील 700 ची बरोबरी नव्या परीक्षेत साधारण 645 ला होते; परंतु '700 म्हणजे हुशार' हे समीकरण मनात इतके घट्ट बसलेले असते की 645 मिळवणारा माणूस कित्येक दिवस चेहरा पाडून हिंडतो, आणि घरच्यांना तक्ता दाखवून समजावता समजावता त्याला स्वतःलाही तो तक्ता खोटा वाटू लागतो.

तुमचा स्कोअर 695 असेल, तर 705 साठी पुन्हा परीक्षा द्यावी हे उत्तम. कोणत्याही मोजमापात काही चूक गृहीत धरायची असते, आणि दोन वाचनांतील अंतर त्या चुकीच्या आतले असेल तर त्यांना वेगळे मानायचे नसते, हे तुम्ही पहिल्या वर्षीच्या प्रयोगशाळेत शिकला होता व तसे वहीत लिहून सहीही घेतली होती. ते ज्ञान व्हर्निअर कॅलिपरपुरते होते असे समजावे. दहा गुण ही या परीक्षेतील सर्वांत लहान पायरी आहे आणि तिच्यासाठी तीन महिने देणे म्हणजे तेवढे तीन महिने अर्जासोबतचे निबंध न लिहिणे, हा तिचा मोठा लाभ होय.

यानंतर विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली वर्गाची सरासरी घ्यावी आणि आपला स्कोअर तिच्याशेजारी ठेवावा. प्रवेश मिळालेल्यांचे गुण किती होते हा एक प्रश्न आहे आणि तेवढे गुण असलेल्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला हा सर्वस्वी दुसरा. पहिल्याचे उत्तर छापलेले असते. दुसऱ्याचे सहसा कोणी छापत नाही. तेव्हा पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला जोडून टाकावे. सांख्यिकीच्या पेपरात याबद्दल तुमचे पाच गुण कापले गेले असते. पण इथे पेपर तपासणारे तुम्हीच आहात.

आता गुणाकाराकडे वळू. प्रत्येक ठिकाणी प्रवेशाची शक्यता 10 टक्के धरली, तर सात ठिकाणी अर्ज केल्यास निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता 52 टक्के येते. सातच का, तर 'एम सेव्हन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात अमेरिकी स्कूलांची यादी आयती तयार आहे आणि आपले स्वप्न कोणते हे त्यामुळे वेगळे ठरवावे लागत नाही. 52 टक्के कमी वाटत असतील तर 22 ठिकाणी अर्ज करावेत. उत्तर 90 टक्क्यांवर जाते आणि रात्री झोप चांगली लागते. हा गुणाकार खरा ठरण्यासाठी प्रत्येक ठिकाणचा निकाल दुसऱ्यापासून स्वतंत्र असावा लागतो. तुमच्या बाबतीत मात्र तोच निबंध, तीच शिफारसपत्रे आणि 'हा माणूस व्यवस्थापन शिकून नक्की करणार काय' ही तीच शंका बावीस टेबलांवर फिरत असते. एकच सदोष भाग बावीस यंत्रांत बसवून त्यांपैकी एखादे तरी चालेल असे कारखान्यात म्हणालात, तर लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. प्रवेशाच्या मोसमात मात्र यालाच नियोजन म्हणतात. अर्जाच्या फीबद्दल वाईट वाटून घेऊ नये. मोठ्या अमेरिकी स्कूलांतील दोन वर्षांचा राहण्या-खाण्यासह खर्च दोन लाख डॉलरांच्या पुढे जातो, त्यापुढे ती फी म्हणजे दर्या में खसखस.

इंग्रजीची परीक्षा द्यावी आणि विसरावी. शिफारसपत्रासाठी पदाने सर्वांत मोठा असलेला साहेब निवडावा. त्याला तुमचे नाव आठवावे अशी अट कोठेही घातलेली नाही. पत्राच्या नमुन्यात 'अर्जदाराला आपण दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना सांगा' असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर 'तो फार कष्ट करतो' असे यावे, ही जबाबदारी तुमची, कारण बहुतेक वेळा ते पत्र लिहिणारेही तुम्हीच असता.

खरी कटकट निबंधात आहे. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षे एकच विचारते: तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आहे, आणि का? प्रश्न ऐकायला साधा आहे. पण याला सूत्र नाही, मागच्या पानावर उत्तर नाही आणि अर्धवट पायऱ्यांना गुणही नाहीत. आठ वर्षे प्रणाली का बंद पडली याची कारणे शोधणारा माणूस स्वतःविषयीच्या या 'का' पुढे येऊन थबकतो आणि मग जे दिसते ते लिहितो: उत्कृष्टता, चिकाटी, समाजाचे ऋण. हे शब्द वापरण्यास अत्यंत सुरक्षित आहेत, कारण ते वाचून कोणालाही काहीही आठवत नाही. एखाद्या रात्री उत्पादन ठप्प झाले असताना तुम्ही वरिष्ठांचा निर्णय मोडून यंत्र बंद ठेवलेत, दोन दिवस शिव्या खाल्ल्यात आणि तिसऱ्या दिवशी तुमचेच खरे ठरले, असा प्रसंग घडला असेल तर तो अजिबात लिहू नये. त्यात तुम्ही दिसता. त्याऐवजी 'बहुविभागीय संघाचे नेतृत्व करून कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ घडवून आणली' असे लिहावे, ज्यात कोणीच दिसत नाही.

नेतृत्वाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सावध करतो. कनिष्ठ सहकाऱ्याला पासवर्ड बदलून देणे हे मार्गदर्शन, बैठकीचे निमंत्रण पाठवणे हे समन्वय आणि दोन जणांच्या गटात दुसरा रजेवर असणे हे नेतृत्व, अशी भाषा निबंधात बेधडक चालवावी; मात्र एमआयटीच्या स्लोन या बिझनेस स्कूलकडे अर्ज करताना जपावे. तेथे संस्थेच्या रचनेचा तक्ता मागतात आणि त्यात स्वतःची जागा लाल वर्तुळाने दाखवायला सांगतात. तीन पानांत उभा केलेला सेनापती त्या तक्त्यात खालून पहिल्या ओळीत, डावीकडून चौथ्या चौकटीत सापडतो. खालून पहिल्या ओळीत असणे हा दोष नाही, तिथल्या अनेक अर्जदारांना प्रवेश मिळतो. वर्तुळ आणि निबंध यांची भेट झाली की पंचाईत होते.

एका गोष्टीचा विचार मात्र मुळीच करू नये, नाहीतर वरचा सगळा हिशेब कोसळेल. समिती माणसे क्रमाने निवडत नाही, वर्ग जुळवते. 1908 मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये सुमारे 90 जणांच्या तुकडीला खरीखुरी प्रकरणे समोर ठेवून चर्चेतून शिकवतात आणि वर्गात तुम्ही काय बोलता यावर गुणांचा मोठा भाग अवलंबून असतो. त्या नव्वदांत डॉक्टर, सैन्यातून आलेला अधिकारी, बँकेतला विश्लेषक आणि शाळा चालवणारी बाई हवी असते. अभियंतेही हवे असतात, पण सॉफ्टवेअरचे तेच काम करून, तोच स्कोअर घेऊन, 'तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांमधील दुवा व्हायचे आहे' हेच वाक्य म्हणणारे वीस जण त्यांना सांभाळता येत नाहीत. म्हणजे तुमची शक्यता तुमच्या इतकीच तुमच्यासारख्यांवर अवलंबून आहे, आणि ते सगळे या क्षणी तुमच्याइतक्याच तन्मयतेने 705 साठी अभ्यास करीत आहेत.

पहिल्या फेरीचे अर्ज बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास घेतात आणि दुसऱ्या फेरीचे जानेवारीत. पहिली फेरी स्कोअर वाढवण्यात जावी आणि दुसरीचे निबंध शेवटच्या आठवड्यात लिहावेत, हाच रूढ क्रम आहे. त्यानंतर बावीस ईमेल येतील. बहुतेकांत अर्जदारांचा दर्जा यंदा असामान्य होता असे सौजन्याने लिहिलेले असेल. एकदोघे प्रतीक्षायादीत ठेवतील, आणि प्रतीक्षायादीवरून आत जाण्याची शक्यता किती टक्के, हा नवा प्रश्न घेऊन तुम्ही त्याच वरिष्ठ सहकाऱ्याकडे जाल, जो एव्हाना तुमचा फोन उचलेनासा झाला असेल.

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा करता येतो. फक्त अनेक ठिकाणी पुन्हा येणाऱ्यांसाठी एक जास्तीचा छोटा निबंध असतो: मागच्या अर्जानंतर तुमच्यात काय बदलले? उत्तर तयार ठेवा. 695 चे 705 झाले आहेत.